तीन महिन्यांची माणसं

"नाही म्हना भाऊ, पन पाहून म्हना."

हे वाक्य ती हेल्मेट काढायच्या आधीच म्हणायची. माझ्या पॅकिंग शेडच्या दारात स्कूटी लावायची, निळी फाईल छातीशी धरायची आणि माझं उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी हे वाक्य माझ्यापुढे ठेवायची. मग हेल्मेट निघायचं. आत घामानं चिकटलेले पिकले केस आणि तिरका झालेला चष्मा. अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. सरकारचं काम घेऊन दारोदार फिरते, पण सरकार तिला आपली म्हणत नाही, वर्षावर्षाच्या करारावर ठेवतं.

ती मूळची अकोल्याची. वरूडला तहसिलीजवळ तिला एक टेबल मिळालं होतं, तिचं मुख्य कार्यालय अमरावतीला. ज्यांना कोणी कामावर घेत नाही अशा माणसांना काम मिळवून देणं, ही तिची नोकरी. तीन महिने सरकार त्या माणसाला विद्यावेतन देणार, मालकानं काम शिकवायचं, आणि जमलं तर पुढे पगारावर ठेवायचं. जमलं नाही तर फॉर्मवर कारण लिहायचं. योजना एवढीच.

सरकारवर माझा जुना राग होता. मॅट्रिक झाल्यावर मी अमरावतीला जाऊन नोकरीसाठी नाव नोंदवलं होतं. कार्ड मिळालं. त्यावर शिक्का मारून घ्यायला एसटीनं जायचो, दिवसभर रांगेत उभा राहायचो. एकदाही बोलावणं आलं नाही. मग बसस्टँडवर टोपलीत संत्री विकली आणि टोपलीपासून या शेडपर्यंत आलो, कोणाचा हात न धरता. ते कार्ड मी अजून पाकिटात ठेवतो. पहिल्याच भेटीत तिच्यापुढे टाकलं आणि म्हटलं, "मले कोनं पाह्यलं होतं?"

तिनं कार्ड उलटंसुलटं केलं, एकेक शिक्का वाचला आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

"तुमाले न पाहताच नाही म्हनलं भाऊ. म्हनून तर तुमच्याकडे आली."

मला वाटलं, बाई बोलण्यात हुशार आहे. मी सौद्यातला माणूस. समोरचा गोड बोलला की त्याला गरज जास्त आहे, एवढं मला कळतं. मी हिशेब मांडला तो असा: तीन महिने मजुरी सरकारची, पुढचं पुढे. घासाघीस करून मी आणखीही काही पदरात पाडून घेतलं. हजेरी तिनंच येऊन तपासायची, कागद तिनंच भरायचे, मी फक्त सही करणार. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेली. घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला राग येतो. जिंकल्यासारखं वाटतच नाही.

पहिला माणूस आला त्याचा उजवा पंजा थ्रेशरमध्ये गेला होता. दुसरा सजा भोगून आलेला. दोघांनीही काम नीट केलं. दोघांनाही मी तीन महिने भरले तसं काढलं आणि फॉर्मवर लिहिलं, काम जमत नाही. दोन्ही वेळा तिनं फॉर्म वाचला, घडी करून फाईलमध्ये ठेवला आणि संत्र्याच्या पुढच्या बहाराला पुन्हा दारात येऊन उभी राहिली. तेच हेल्मेट, तेच वाक्य.

तिसऱ्या खेपेला ती बेबीला घेऊन आली. बेबी जवळच्या गावातल्या माळ्याच्या घरची, भावाकडे राहणारी, पस्तिशीची. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. मी खरंच हसलो. आमच्याकडे लाकडी पेटीत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरून संत्री भरतात आणि झाकण ठोकायच्या आधी पेटी हलवून कान लावतात. आत फळ हललं तर आवाज येतो. सैल पेटी दिल्लीपर्यंत जाता जाता सडते. "मॅडम, हे कानाचं काम हाये," मी म्हटलं.

"नाही म्हना भाऊ, पन पाहून म्हना."

बेबीनं पेटी भरली, हलवली, आणि कान लावायच्या जागी फळीवर तळवा सपाट ठेवला. डोळे मिटले. मग कोपऱ्यातलं एक फळ काढून तिथे मोठं बसवलं, मूठभर तणस दाबलं, पुन्हा हलवून तळवा ठेवला. माझ्या जुन्या मुकादमानं ती पेटी कानाशी धरली आणि नुसती मान हलवली. काही आवाज नव्हता.

त्या बहारात बेबीच्या हातची एकही पेटी सैल म्हणून परत आली नाही. मॅडमनं एकदाच विचारलं, "यावेळी ठेवान ना भाऊ?" मी म्हटलं, ठेवतो. मी शब्द दिला होता, हे इथे लिहून ठेवतो.

फॉर्म भरायच्या दिवशी एका व्यापाऱ्यानं भाव पाडला होता आणि माझं डोकं तापलेलं होतं. पण रागावर ढकलणं खोटं होईल. मी आधीच ठरवलं होतं. नवीन माणूस फुकट मिळत असताना जुन्याला पगार कशाला? मी लिहिलं: ऐकू येत नसल्यामुळे पेट्या सैल भरते, ठेवता येत नाही.

तिनं ते वाचायला वेळ लावला.

"पाहून म्हनून राहिले ना भाऊ?"

"लिवलं ना तिथं," मी ओरडलो.

ती उठून बेबीकडे गेली. हातांनी तिला काहीतरी सांगितलं. झाडांकडे बोट, रिकामे तळवे, मग हवेत एक मोठं वर्तुळ. बेबी हसली. माझ्याकडे आली, हात जोडले, डबा उचलला आणि निघून गेली.

मी विचारलं, काय सांगितलं तिला?

"बहार सरला, पुढच्या बहाराले बोलावतीन."

"मी कुठी म्हनलं असं?"

तिनं हेल्मेट घातलं. "खरं सांगाचं असन तर तुमी सांगा भाऊ. मले ते हातानं सांगता येत नाही."

पुढच्या बहाराला शेड उघडलं त्या सकाळी बेबी सगळ्यांच्या आधी हसत दारात उभी होती, हातात डबा. कोणाला न विचारता जागेवर जाऊन बसली आणि पेटी ओढली. मुकादम माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, बसू दे. हे मी चांगुलपणानं केलं असं समजू नका. तिच्या हसण्यापुढे मला तिला परत पाठवता आलं नाही, एवढंच.

मग मी स्कूटीची वाट पाहू लागलो. मॅडमला कसं दाखवायचं, काय बोलायचं, हे मनात घोकून ठेवलं होतं. त्यात माझाच मोठेपणा होता. पंधरा दिवस झाले, ती आली नाही. तहसिलीजवळ जाऊन पाहिलं तर तिच्या टेबलावर कोणीतरी पाण्याचा जार ठेवला होता. मी अमरावती गाठली.

कार्यालयात एक तरुण कारकून होता. मी सांगितलं, मॅडमनं पाठवलेल्या बेबीला पगारावर ठेवलं आहे, फॉर्म बदलून घ्या. तो म्हणाला, तो फॉर्म मागच्या वर्षीच बंद झाला. मॅडमचा करार पुढे वाढला नाही. किती माणसं कामावर टिकली ते पाहतात, त्यांची तीन कमी पडली. अकोल्याला गेल्या, मुलीकडे.

तीन.

त्यानं मालकांच्या नावांची जाडजूड वही काढली. तिच्या अक्षरातली पानं होती. काही नावांवर लाल रेघ, शेजारी 'बोलावू नये'. माझं नाव त्यानं बोटानं शोधलं. खाली तिन्ही माणसांची नावं, प्रत्येकापुढे मी लिहिलेलं कारण जसंच्या तसं उतरवलेलं. लाल रेघ नव्हती. शेवटी तिनं लिहिलं होतं: पुन्हा विचारावे.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. अजून लावलेला नाही. दिवसभर फोनवर भाव करणारा मी, त्या एका फोनवर पहिला शब्द कोणता बोलायचा हे मला सुचत नाही.

त्या दिवशी कारकुनानं पेन उघडलं. "मग यंदा पाठवू का माणूस?" त्यानं वहीतून वर पाहत विचारलं.

मी त्याला सांगितलं, एक नाही, तीन पाठव. तो लिहीत होता, तोवर मॅडमच्या त्या अक्षरावर मी तळवा ठेवून बसलो होतो. हात बाजूला घ्या, असं त्याला दोनदा म्हणावं लागलं.