मागच्या ओळीतली ओली सीट

आधीच सांगून टाकतो, भूतखेत, अंगात येणं, सावली दिसणं असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. नव्हता म्हणू की नाही म्हणू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही... म्हणूनच लिहायला बसलोय. इथले बाकीचे अनुभव मी हसत हसत वाचायचो, हेही कबूल करतो.

मी धानोऱ्याला गौण वनोपजाच्या खरेदी केंद्रावर काट्यावर असतो. मोहफूल, हिरडा, चारोळी, जे जंगलातून येतं ते मोजायचं. वीस-बावीस वर्षं हेच काम. मोहफूल ओलं असलं की जास्त भरतं, म्हणून मूठभर उचलून दाबायचं, वास घ्यायचा आणि ओलीचे किती किलो कापायचे ते सांगायचं. माझा आकडा सहसा चुकत नाही. काटा जे दाखवतो ते खरं आणि बाकी सगळ्या गप्पा, असं माझं साधं गणित होतं. आणि मला दगा दिला तो काट्यानेच.

दुसरी गोष्ट म्हणजे माझं नाक. घाण वास मला सहन होत नाही, उलटीच येते. घरी सगळे यावरून चिडवायचे. माझा धाकटा भाऊ विनोद, म्हणजे विनू, तर मला ‘नाकवाले भाऊ’ म्हणायचा. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. लहानपणी दिवसभर बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, मासोळ्या धरायचा आणि संध्याकाळी तसाच ओला, चिखलाचा आणि मासोळीचा वास घेऊन माझ्या अंथरुणात घुसायचा. डोकं बरोबर माझ्या डाव्या खांद्यावर टाकायचा. मी कोपराने ढकलायचो... “सरक तिकडं, वास येऊन राह्यला.” तो हसायचा आणि सरकायचा. मग जमिनीवर झोपून जायचा.

विनूने आयटीआय केलं, एसीचं काम शिकला आणि बल्लारपूरच्या एका मित्राच्या ओळखीने समुद्रातल्या एका छोट्या देशात रिसॉर्टवर नोकरीला लागला. देशाचं नाव लिहीत नाही, आपल्याकडची बरीच पोरं तिथे कामाला आहेत. सगळा देश म्हणजे बेटंच बेटं. गेल्या वर्षी सामानाच्या बोटीवरून एका बेटाहून दुसऱ्या बेटावर जाताना तो पाण्यात पडला. पंधरा दिवस शोधलं. सापडला नाही. बोडीत पोहून मोठा झालेला पोरगा... जाऊ द्या.

त्याचं सामान आणायला आणि कागदांवर सह्या करायला मी निघालो, तेव्हा आईने मला दारात थांबवलं. तिचं माहेर धानोऱ्याच्याही आत, जंगलातलं. तिच्या गावात एक रीत होती. कोणी घराबाहेर, जंगलात कुठे मेला, तर त्याला आणायला घरचं माणूस जायचं. येताना प्रत्येक नाल्यावर, प्रत्येक फाट्यावर थांबून त्याच्या नावाने हाक मारायची, म्हणजे तो वाट चुकत नाही.

“गाडी बदलली का त्याले आवाज देजो,” आई म्हणाली. “चाल विनू, घरी चाल, एवढंच म्हण. बाकी काई करू नको.”

“आई, विमान असते ते. लोक येडा म्हणतीन मले.”

“म्हणू दे. पण त्याले घेऊन ये.”

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, काय हा अडाणीपणा.

आता त्या विमानाबद्दल. कंपनीचं नावही लिहीत नाही, लिहिण्याच्या लायकीचं नाही. राजधानीपासून विनूच्या बेटापर्यंत तीच एक एअरलाइन जाते, मध्ये एका बेटावर थांबून. एकोणीस सीटचं, पंखे असलेलं विमान. त्यातही म्हणे ‘इकॉनॉमी क्लास’. म्हणजे पुढच्या चार सीटवर पांढरं कापड घातलेलं, आणि मागे आम्ही. आमच्या गडचिरोलीच्या एसटीला मी आयुष्यभर नावं ठेवली, त्याबद्दल त्या दिवशी मनातल्या मनात माफी मागितली. सीटवर कशाचे तरी वाळलेले डाग. समोरच्या जाळीत कोणीतरी खाऊन कोंबलेली केळीची साल, काळी पडलेली. खिडकीच्या काचेवर डोक्याच्या तेलाचा थर. पायाखालचा गालिचा चिकट... बूट उचलला की आवाज यायचा. जातानाचा सगळा प्रवास मी श्वास रोखून केला.

या विमानांत माणसांनाही मोजतात. हातातल्या बॅगेसकट काट्यावर उभं करतात, आकडा लिहितात आणि त्या हिशेबाने कोणाला कुठे बसवायचं ते ठरवतात, कारण विमान लहान, तोल सांभाळावा लागतो. मला गंमत वाटली होती. आयुष्यभर पोती मोजली, आता आपणच पोतं झालो. जाताना मी हातातल्या पिशवीसकट भरलो सत्तर किलो.

बेटावर दोन दिवस राहिलो. सह्या केल्या. रिसॉर्टच्या लोकांनी विनूची बॅग दिली. कपडे, पाने-पेचकस, मोबाइलचा चार्जर. ज्या धक्क्यावरून ती बोट सुटली होती तिथेही गेलो. हाक मारायची म्हणून तोंड उघडलं होतं, पण बाजूला दोन-तीन खलाशी उभे होते. लाज वाटली. खोकल्यासारखं केलं आणि परत आलो.

परतीचं विमान दुपारी दोनचं. कडक ऊन. काउंटरवर एक जाडशी बाई होती, जांभया देत होती, हिंदी बऱ्यापैकी बोलायची. माझी पिशवी आणि विनूची बॅग घेऊन मी काट्यावर उभा राहिलो. बॅग दहा किलोची होती, हे मी हातात घेतल्याबरोबर ओळखलं होतं. म्हणजे सत्तर आणि दहा, ऐंशी.

काट्याने दाखवलं एकशे बेचाळीस.

बाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “फिर से खड़े हो जाओ.” पुन्हा उभा राहिलो. एकशे बेचाळीस. माझ्या मागच्या माणसाला उभं केलं, तो त्याच्या अंगाप्रमाणे बरोबर भरला. परत मी... एकशे बेचाळीस. मी खाली पाहिलं तर काट्याचा पत्रा ओला, चिकट पाण्याचं थारोळं साचलेलं, आणि त्यातून असा वास... कुजलेलं शेवाळ, खारट, आणि आत काहीतरी सडलेलं.

झालं, माझं डोकं फिरलं. बावीस वर्षं काट्यावर काढलेला माणूस मी. म्हटलं, बाई, काटा पुसत नाही तुम्ही, शून्यावर आणत नाही, आणि लोकांना मोजता? काटा पुसायला लावला. शून्य करायला लावलं. तरी तेच. शेवटी मी तिला सांगितलं, जसं केंद्रावर सांगतो तसंच, की वरचे बासष्ट कापा, ते माझे नाहीत, ऐंशी लिहा. तिने ते मानलं नाही. एकशे बेचाळीसच लिहिलं, आणि एवढ्या वजनाच्या माणसाशेजारी दुसरं कोणी नको म्हणून मला सगळ्यात मागच्या ओळीत बसवलं. शेजारची खिडकीजवळची सीट रिकामी ठेवली.

विमान उडालं आणि तो काट्यावरचा वास पुन्हा आला. आधी वाटलं, खाली कोणी मासळीचं खोकं ठेवलंय. मग शेजारच्या सीटकडे पाहिलं. गादी ओलीचिंब होती. कडेवरून थेंब थेंब पाणी खाली गळत होतं आणि माझ्या बुटापर्यंत ओघळ आला होता. गादी मधोमध दबलेली. जुनी गादी असेल, बसून बसून दबली असेल, असं मी समजलो. मी पाय वर घेतले. रुमाल चार पदरी करून नाकाला लावला. एका पोऱ्याला... म्हणजे तिथला तो एकमेव कर्मचारी, चाळिशीचा होता, त्याला बोलावून खूप बोललो. ही काय सीट आहे का, जनावरं नेता का यातून, मला दुसरीकडे बसवा. तो म्हणाला, वजन जास्त आहे, हलता येणार नाही. सीटवर हात ठेवून पाहिला आणि त्याने तो पटकन मागे घेतला. मग पुढे जाऊन बसला, परत मागे आलाच नाही.

मी डोळे मिटून घेतले. दोन रात्री नीट झोप नव्हती, त्यामुळे त्या घाणीतही डुलकी लागली. आणि डाव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. गार, जड, ओलं. शर्टातून पाणी आत झिरपलं. वास एकदम नाकातच शिरला. मला इतकी किळस आली की झोपेतच मी कोपराने ते जोरात ढकललं आणि तोंडातून निघून गेलं...

“सरक तिकडं, वास येऊन राह्यला.”

वास गेला. त्याच क्षणी, बटण बंद केल्यासारखा. मी जागा झालो तेव्हा शेजारी कोणी नव्हतं. गादी ओली होती, पण दबलेली नव्हती. मला हायसं वाटलं, हे इथे लिहिताना मला लाज वाटतेय, पण वाटलं. खांदा ओला होता म्हणून वर पाहिलं. वर एसीचं तोंड होतं. गळत असेल, असं म्हणून शिव्या घातल्या.

पाच-दहा मिनिटांनी मधलं बेट आलं. तिथे काही लोक चढणार होते, म्हणून सगळ्यांना उतरवून पुन्हा मोजलं. मी त्याच सामानासकट काट्यावर उभा राहिलो. ऐंशी. बरोबर ऐंशी. मी त्या कर्मचाऱ्याला बोलावून आकडा दाखवला. म्हटलं, बघ, मी सांगत होतो ना, तुमचा तिकडचा काटा खराब आहे. त्याने आकडा पाहिला, मग माझ्या मागे रिकाम्या जागेकडे पाहिलं. या वेळी मला पुढची कोरडी सीट मिळाली. मी खुशीत बसलो.

तिथून राजधानी, मुंबई, नागपूर, मग चंद्रपूर, गडचिरोली. पाच-सहा गाड्या बदलल्या असतील. एकदाही हाक मारली नाही. खरं सांगायचं तर विसरलोच होतो.

घरी लोक जमलेले. बसून बसून काय बोलणार, मी त्या विमानाचीच गोष्ट सांगितली. डाग, केळीची साल, काटा, ओली सीट. माझी सांगण्याची पद्धत जरा तिखटच आहे, त्या दुःखातही दोघे-तिघे हसले. आई भिंतीला टेकून ऐकत होती. सगळे गेल्यावर तिने विचारलं,

“किती जास्त भरलं होतं म्हणतोस?”

“बासष्ट.”

“आन मंग?”

“मंग काय, मधल्या बेटावर बरोबर भरलं. काटाच खराब होता त्यायचा.”

आई अगदी हळू म्हणाली, “तिथीच उतरवून देल्लास का रे त्याले?”

मी तिच्यावर ओरडलो. काहीही बोलू नको म्हटलं. पण त्या संध्याकाळी मी विनूच्या बॅगेतले कागद काढले. नोकरीवर घेताना केलेल्या तपासणीचा कागद होता त्यात. वजन अठ्ठावन्न किलो. मी तो कागद हातात धरून बसलो. ओला माल जास्त भरतो, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. त्याच्या अंगाच्या माणसावर, कपड्यांसकट, ओलीचे मी चार किलोच धरले असते.

मग विमानात घातलेला तो शर्ट काढून पाहिला. अजून धुतला नव्हता. डाव्या खांद्यावर गोल डाग होता, पांढरा, कडक. बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ. मागे एकदा घरी आला असताना विनूनेच मला सांगितलं होतं... “एसीचं पाणी एकदम साफ असते भाऊ, त्याले ना चव असते ना वास. तुमच्यासारख्या नाकवाल्यायले चालते.”

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. काटा एका माणसापुरताच कसा बिघडेल, मला माहीत नाही. घाम असेल, योगायोग असेल, माझंच डोकं थकलेलं असेल. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मी वाचीन. पण मला राहून राहून त्या बेटाची धावपट्टी आठवते. दोन्ही बाजूंनी पाणी, एक पत्र्याची शेड, आणि ओळखीचं कोणी नाही. विनूला सरक म्हटलं की तो सरकायचा, वाद घालायचा नाही.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा जातोय. घरात सांगितलंय की एका कागदावर सही राहिली आहे. राहिलेली नाही, आणि आईला ते कळलंय, कारण तिने काही विचारलं नाही. त्या मधल्या बेटापर्यंतचंच तिकीट काढलंय, त्याच कंपनीचं, इकॉनॉमीचं. परतताना मागची ओळ मागून घेणार आहे. शेजारची सीट माझ्याच नावाने घेतली आहे. धावपट्टीवर उभा राहून, कोणी बघत असलं तरी, मोठ्याने हाक मारणार आहे. रुमाल नेणार नाही.