काटा वर गेलाच नव्हता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. जिला पहिल्यांदा सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय ते का – तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? की आता एकट्याला पेलवत नाही म्हणून? नीट सांगता येत नाही.

मी बारामतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. राहायला पिंपळीत. चौदा वर्षांपूर्वी घरात आबा – माझे वडील –, माझी बायको मनीषा आणि चार वर्षांची सई. दारात मामांकडून घेतलेली एक जुनी पेट्रोल गाडी. मनीषा इंदापूरच्या एका प्रसूतिगृहात नर्स होती. सकाळी सातची ड्युटी, त्या वेळेला एसटी जमायची नाही, म्हणून ती गाडी शिकली. आबांना ते पटलं नव्हतं. तरी दोन वर्षं ती एकटी जात-येत होती. गाडीला साधा ओरखडा नाही.

त्या हिवाळ्यात गाडी तापायला लागली. पंधरा-वीस किलोमीटर झाले की टेंपरेचरचा काटा वर चढायचा. मनीषा लगेच बाजूला घ्यायची, इंजिन बंद करून थांबायची, मग पुढं. ती रोज मला सांगायची – आज कुठं चढला, किती वेळ थांबले. हे लक्षात ठेवा. काट्याकडं तिचं असं लक्ष असायचं.

गॅरेजवाल्या दत्ता मिस्त्रींकडं गाडी न्यायला ती म्हणत होती. मी म्हटलं, मीच शोधतो. प्रयोगशाळेत बंद पडलेली उपकरणं मीच दुरुस्त करतो, तर हे काय अवघड? – अशी घमेंड. आणि शोधलंही बरोबर. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून पाहिलं, पाणी भरलेलं होतं. पंखा वेळेवर फिरत होता. ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं, मागून पांढरा धूरही नाही, म्हणजे इंजिनात पाणी शिरत नव्हतं. मग गाडी तापवली आणि रेडिएटरच्या दोन्ही पाइपांना हात लावून पाहिला. वरचा चटका देणारा, खालचा जवळजवळ गार. म्हणजे पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट अडकलाय, पाणी फिरतच नाही. केवढा आनंद झाला मला!

रविवारी अंगणात बसून नवा थर्मोस्टॅट बसवला. त्यासाठी पाणी काढायचं म्हणून खालचा पाइप सोडला होता. तो परत चढवला, क्लिप हातानं फिरवली – पाना आणून आवळायचीच होती. तेवढ्यात सई जेवायला बोलवायला आली. जेवून आलो ते थेट पाणी भरलं, कालव्यापर्यंत चक्कर मारली. काटा मधोमध. आबांनीसुद्धा वाखाणलं.

विसरणं माणसाकडून होतं. तेवढंच असतं तर मी इथं बसलो नसतो.

सोमवारी ती ड्युटीवरून परतताना लासुर्ण्याच्या पुढं इंजिन जाम झालं. तिनं फोन केला, म्हणाली, काटा वर गेलाच नव्हता. मी कॉलेजातून निघालो, तिला एका गाडीत बसवून घरी पाठवलं आणि टोचन लावून गाडी मिस्त्रींकडं ओढत नेली. त्यांनी खाली वाकून पाहिलं. मग विचारलं, "सर, ही खालची क्लिप कुणी लावली?"

पाइप निसटून लोंबत होता.

मी म्हटलं, काटा वर गेला नाही असं ती म्हणते. ते म्हणाले, "वैनी बरोबर बोलत्यात. पाणी समदं सांडल्यावर काटा वर जात न्हाय, खाली येतो. सेन्सरला पाणीच लागत न्हाय, तर त्याला काय कळणार?"

म्हणजे मला सगळं कळलं होतं. संध्याकाळी घराचा उंबरा ओलांडायच्या आधीच कळलं होतं. मी मिस्त्रींना क्लिपचं कुठं बोलू नका म्हणून विनवलं होतं. ते मानेनंच हो म्हणाले, पण माझ्याकडं पाहिलं नाही.

घरी आबांचा आवाज चढलेला. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली तेव्हाच सांगितलं होतं, वगैरे. मनीषा भिंतीला टेकून उभी होती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा – "काटा वर गेलाच नव्हता." आबा माझ्याकडं वळले. "तू सांग. तुला कळतं त्यातलं."

किती सोपं होतं! क्लिप माझ्याकडून राहिली – तीन शब्द. आणि मी म्हणालो,

"गेला असणार. हिचं लक्ष नसेल."

तिनं माझ्याकडं पाहिलं. ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर कदाचित मी कबूल केलं असतं – की हेही मी आता रचतोय? ती हळूच म्हणाली, "असेल." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा सोडला.

गाडी भंगारात गेली. महिनाभरात तिनं नोकरी सोडली. दोन वर्षांनी दुसरी गाडी आली, मी किल्ली पुढं केली, तिनं घेतली नाही. गावात कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं तर आजही तिलाच बोलावतात. मधे एकदा दोनदा वाटलं, आज सांगावं. पाणी पिऊन गप्प बसलो. आबा मागच्या वर्षी गेले. शेवटचे आठ महिने त्यांचं सगळं तिनं केलं. भेटायला आलेल्यांना ते हसून सांगायचे – सून गुणाची हाय, फक्त गाडी देऊ नका तिच्या हातात. मी त्याच खोलीत असायचो.

सई आता अठराची झाली. परवा जेवताना म्हणाली, आई, मला गाडी शिकव ना, तुला यायची ना पूर्वी?

मनीषा भाकरी वाढत होती. अगदी सहज म्हणाली, "पप्पांकडून शीक. मला त्यातलं कळत नाही."

सईनं माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हणालो.