एका हातानं गिटार वाजवणारा भाऊ

आमच्या घरी दोन गिटार आहेत. एक ताई वाजवते आणि दुसरी मी धरतो.

"धरतो" हा शब्द ताईचाच. तिच्या मते मी गिटार वाजवत नाही, बस सुटेपर्यंत कोणाची तरी पिशवी धरावी तशी धरतो. आता मला तीन कॉर्ड येतात, चौथी येता येता राहिली, त्यामुळे मी काही भांडत नाही. माझं खरं काम नकलांचं. शाळेत हेडसरांचा खोकला काढायचो, तर सर शाळेत नसतानाही पोरं उभी राहायची. तिरोड्याच्या स्टेशनवरची अनाउन्समेंट अशी करतो की एकदा बाबांनी चहा अर्धा सोडून बॅग उचलली होती. मोबाईलवर रॉकवाले पाहून पाहून मी त्यांचं पण सगळं शिकलो. मानेला झटका, डोळे बंद, खालचा ओठ दाताखाली, म्हणजे जशी अक्कलदाढ येऊन राहिली. फक्त वाजवायचं तेवढं शिकायचं राहिलं.

ताईचं एकदम उलटं. ती सोलो वाजवते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर वाटते, ही बँकेत टोकन घेऊन बसली आहे. बोटं मात्र पळत असतात.

पहिली गिटार बाबांनी माझ्यासाठी आणली होती, हे सांगायलाच पाहिजे. बाबा शेतातले मोटारपंप दुरुस्त करतात. गोंदियाच्या एका गिऱ्हाइकाकडून त्यांना ती जुनी गिटार मिळाली. "पोरगा वाजवीन," म्हणाले. पोरगी वाजवेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आईच्याही नाही. पोरानं बोटं दुखली म्हणून ती आलमारीवर टाकली. ताईनं उतरवली. पुढे ट्यूशन घेऊन घेऊन तिनं इलेक्ट्रिक गिटार घेतली. जॅकचा टाका सुटला की बाबांची सोल्डरिंग गन घेऊन स्वतःच लावते आणि वर बाबांनाच ऐकवते, "तुमचा टाका जाडा येते."

रात्री जेवताना ती फोनवर जगातल्या बाया गिटारवाल्या शोधून शोधून पाहते. शंभर मोठ्या गिटारवाल्यांची यादी कुठं निघाली की बोट खाली सरकवत बसते, आणि बाई दिसेपर्यंत आमचं वरण थंड होते. एक पांढऱ्या केसांची बाई तिची फार आवडती. काय वाजवते! तिच्या व्हिडिओखाली एकानं लिहिलं होतं, बाईच्या मानानं चांगलं वाजवते.

"गिटारले का माहीत, आपल्याले बाई वाजवून राहिली का माणूस?" ताई म्हणाली.

"तिले गुदगुल्या होत असतीन," मी म्हणालो. ताटातली मिरची माझ्या अंगावर आली.

आमचा बँड चार जणांचा. एक कीबोर्डवाला, गातोही तोच, एक ऑक्टोपॅडवाला, लीड गिटारवर ताई, आणि मी. मोहल्ल्याच्या शारदा उत्सवात आम्हाला संध्याकाळी आरतीनंतर वेळ मिळाली होती. आधी देवीचं गाणं, मग त्याच्याच चालीत ताईचा सोलो, पूर्ण रॉक, आवाज फाटलेला. त्या वर्षी मंडळानं स्टेजच्या मागं मोठा एलईडी पडदा लावला होता. कॅमेऱ्यावर लग्नं शूट करणारा पोरगा होता.

ताईचा सोलो सुरू झाला आणि त्या पोरानं कॅमेरा माझ्यावर लावला.

त्याचीही काय चूक? दोघं गिटार घेऊन उभे. एक बाई, शांत. एक माणूस, दाढ दुखणारा. त्याला जे समजलं ते त्यानं केलं. मी मागं वळून पाहिलं तर माझंच डोकं पाण्याच्या टाकीएवढं! मग तर मी सुटलोच. केस मागं घेतले. समोर दोस्त दिसले, त्यांना हात हलवला. एक बोट आभाळाकडं दाखवलं. एवढ्या वेळात माझा उजवा हात तारांना लागलाच नाही, आणि सोलो मात्र सुरूच.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ गावभर. खाली काय लिहिलं होतं माहीत आहे? 'भाऊ एका हातानं वाजवते बे!'

लोकांना एका हाताची गिटार पटली. बाजूला दोन्ही हातानं वाजवणारी बाई उभी आहे, ते नाही पटलं.

चिचगडहून मामाचा फोन आला. "काऊन रे भाच्या, एका हातानं वाजवतेस म्हणे? दुसऱ्या हाताले का झालं?"

"काही नाही झालं मामा. ताई वाजवून राहिली होती."

"दुखते का? डॉक्टरले दाखवलं का?"

"मामा, ताईनं वाजवलं!"

"चाल, मजाक नको करू. हात जप."

चौकातल्या चहावाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "तुह्या बहिणीले पाह्यलं ना मी. बिचारी शेवटपर्यंत उभी होती."

माझी अडचण अशी आहे की मी खोटं बोललो तर लोक हसतात, आणि खरं बोललो तर जास्त हसतात. शपथ घेतली तर टाळ्या वाजवतात.

ताई पहिले दोन दिवस हसली. मामाच्या फोनवर तर पोट धरून हसली. मग हसणं कमी झालं. ताई चिडत नाही. चिडली असती तर बरं होतं, मी तिची नक्कल करून मनवलं असतं. ती ते कामच बंद करते. शाळेत असताना तिला कबड्डीच्या टीममध्ये फक्त पाण्याच्या बाटल्या सांभाळायला घेतलं होतं. तिनं बूट गुंडाळून ठेवले, आणि परत ग्राउंडवर गेली नाही. मोठी मस्त चढाई करायची.

पुढचा उत्सव जवळ आला. मंडळाच्या बॅनरवर माझा फोटो, खाली 'वन हँड भाऊ'. ताईनं बॅनर पाहिला, घरी आली, गिटार पुसली.

"ह्या बारीले उभी राहतो," ती म्हणाली. "ह्या बारीलेही तुह्याच नावावर गेलं, त मंग मी घरीच वाजवीन. तू आणि आई ऐकजा."

ती घरी वाजवणार म्हणजे गिटार कव्हरमध्ये ठेवणार, हे मला माहीत होतं.

मी ठरवलं, गिटार न्यायचीच नाही. माझ्या हातात गिटारच नसली तर लोक कोणाकडं पाहतील? ताईकडंच ना? मोठा हुशार समजत होतो मी स्वतःला.

संध्याकाळी स्टेजवर गेलो. निवेदक हिंदीत सुरू झाला, "तालियाँ बजाइये, आ गये वन हँड भाऊ! और साथ में हैं इनकी बहन, गायिका!" ताईसमोर माईकसुद्धा नव्हता. खालून पोरं ओरडली, "भाऊ, गिटार कुठी हाय?"

गाणं झालं. ताईनं सोलो सुरू केला. पडद्यावर मी, दोन्ही हात खिशात. मग मागून आवाज आला, "अबे, ट्रॅक हाय! पेनड्राइव्ह लावला!" आणि हशा. तिकडून दुसरा, "भाऊ, आज बिना हाताचा!" अजून हशा. शिट्ट्या.

ताईनं वाजवणं थांबवलं. एकदम. ऑक्टोपॅडवाला दोन ठोके पुढं गेला आणि तोही थांबला. ती खाली गिटारकडं पाहत होती. मला वाटलं, संपलं. आता पट्टा काढते, कव्हर मागते.

तिनं मान वर केली. मानेला झटका दिला. डोळे बंद. खालचा ओठ दाताखाली. सुरुवातीचे चार सूर वाजवले, मोठे, फाटलेले, आणि उजवा हात उचलून केस मागं घेतले. आवाज बंद. हात खाली, आवाज सुरू. मग एक बोट आभाळाकडं. आवाज बंद. समोरच्या लोकांना हात हलवला, अगदी माझ्यासारखा, येड्यासारखा. सगळं शांत.

माझी नक्कल करून राहिली होती! माझ्याहून चांगली!

पहिले बाया हसल्या. मग पोरांना समजलं. "वर!" ओरडले. तिनं हात वर केला, शांतता. "खाली!" गिटार कडाडली. "वर!" "खाली!" कॅमेरेवाला पोरगा पळत पळत तिच्यासमोर आला. पडद्यावर तिची बोटं दिसली, पाण्याच्या टाकीएवढी.

मग तिनं नक्कल सोडली, चेहरा परत बँकेत गेला, आणि सोलो पहिल्यापासून वाजवला.

मला काही कामच नव्हतं. तोंड वाकडं करायचं नव्हतं, मान हलवायची नव्हती. एवढे दिवस तिच्या बाजूला उभा होतो, पण तो सोलो पूर्ण ऐकला तो त्या दिवशी. मधात एक जागा आहे, तिथं ती एकच सूर धरून ठेवते आणि हळूहळू वर चढवते. घरी ती जागा कितीदा चुकायची, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. त्या दिवशी बरोबर चढला. खालून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, मंग तू काय करते?" माईक जवळच होता. "मी हिचा भाऊ आहो," म्हणालो. तेवढं मात्र सगळ्यांना पटलं.

संपल्यावर निवेदक स्टेजच्या कडेला धावत आला. "क्या बात है! लेडी गिटारिस्ट!"

ताई वायर गुंडाळत होती. "त्या ऑक्टोपॅडवाल्याले जेन्ट्स ऑक्टोपॅड म्हणता का?"

"नहीं, मतलब... मॅडम, अगले साल आओगे ना?"

"पहिले मी काय वाजवतो ते माईकवर बरोबर सांगा. मंग पाहू."

तो माईककडं परत गेला. पुढच्या डान्सच्या पोरी रांगेत उभ्या होत्या, त्यांना थांबवलं. "लीड गिटार पर थीं," म्हणाला, आणि ताईचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट. माझं घेतलंच नाही.

ताईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. "पुढच्या वर्षी येतो म्हण त्याईले," ती मला म्हणाली, ॲम्प माझ्या हातात दिला, आणि पायऱ्या उतरून गेली.