खुर्चीवरचं चित्र

फ्रेमवाल्याच्या दुकानात शिरले आणि वॉर्निशचा तोच वास नाकात गेला. शिकत असताना मी हिंगोलीतल्या एका छोट्या आर्ट गॅलरीत इंटर्न होते, तिथं हा वास दिवसभर असायचा. मालकांनी तिथं पहिल्यांदाच माझं चित्र भिंतीवर लावलं होतं. कोळशानं काढलेले बाबा, मांडीवर फाटकं जाळं.

बाबा सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरायचे. ते एसटीनं आले, चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जित्या माणसाला भितीवर टांगत न्हाईत, बाई," ते हळूच म्हणाले. "मेल्यावर टांगतेत. खाली ठेव."

मालक हसले. मला राग आला, तरी मी चित्र उतरवून खुर्चीवर ठेवलं. दिवसभर लोक वाकून बघत होते आणि सदऱ्याला ओल्या जाळ्याचा वास असलेले बाबा प्रत्येकाला सांगत होते, "मीच हाय ह्यो. पोरीनं काढलंय."

पुढं घरीही ते चित्र कायम कपाटाला टेकूनच राहिलं.

आज त्याला नवी चौकट बसवून फ्रेमवाल्यानं विचारलं, "मागं स्टँड लावू, का हूक?"

"हूक," मी म्हटलं.