बंद गाडीचं अॅव्हरेज

पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या औषधाच्या बाटल्या मी विकते आणि त्या ओतू नका हेही मीच सांगते. त्यामुळे सेक्टर बावीसमधल्या माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात गिऱ्हाईक टिकत नाही, किस्से मात्र साठतात. माल विकला की रॅक मोकळा होतो. किस्से कुणी विकत घेत नाही!

आमचे हे चंडीमंदिरच्या छावणीत लष्करी गाड्यांचे मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर इथंच दुकान टाकलं. मी चौथी पास. कार्ब्युरेटर मला कुणी शिकवला नाही. उघडला, परत जोडला, एक पार्ट हातात उरला, पुन्हा उघडला. आता उरत नाही. तेव्हा मला अक्कल शिकवायला कुणी येऊ नये.

*

बँकेतले देशपांडे बदलीवर इथं उत्तरेत आलेत. संध्याकाळी माझ्याकडे चहाला असतात. एकदा बाटली ओतून, चक्कर मारून नाचतच आले.

"काकू, काय पिकअप! गाडी एकदम मख्खन झाली!"

"सकाळी चेनला तेल कुणी घातलं? टायरमध्ये हवा कुणी भरली?"

"तुमच्याच दुकानातल्या पोऱ्यानं."

"मग मख्खन बाटलीचं कसं?"

देशपांडे विचारात पडले. मग म्हणाले, "काकू, अजून एक बाटली द्या."

आता काय बोलणार! इंजिन ठणठणीत असेल तर बाटली त्यात काही भर घालत नाही. आत घाण साठली असेल तर थोडीफार सुटते. बाकी सगळं माणसाच्या कानात असतं. पैसे मोजले की इंजिन गोड वाजतं.

*

ह्यांच्या शेवटच्या आजारपणात पुतण्यानं कसलीशी महागडी ताकदीची पावडर आणली. दुधात कालवून मी चमचा ह्यांच्या तोंडापाशी नेला. ह्यांनी तोंड फिरवलं.

"टाकीत काय ओततेस? इंजिनाच्या रिंगाच गेल्यात माझ्या."

मी भांडले. भांडून सगळा पेला पाजला. आयुष्यात ती एकच बाटली मी स्वतः ओतली आणि तिचाही उपयोग झाला नाही.

*

हे गेल्यावर मी पुन्हा दुकान उघडलं, तेव्हा जाधव भावजी आले. ह्यांचे जुने मित्र, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मागच्याच गल्लीत भाड्यानं राहणारे. काउंटरवरची बाटली उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेली.

"वहिनी, यानं अॅव्हरेज किती वाढतं?"

देशपांड्यांना तोंड खुपसायचं असतंच. "रोज जाता कुठं, जाधवसाहेब?"

"कुठं नाही. गाडी दारातच असते. सकाळी पाच मिनिटं चालू करतो, बंद करतो."

"मग अॅव्हरेज शून्य आलं की!"

आम्ही खो खो हसलो. जाधवही हसले. मग बाटली जागेवर ठेवून म्हणाले, "सुमीतची मोटरसायकल आहे. ताप येण्याच्या आदल्या दिवशी त्यानं टाकी भरली होती. 'पापा, टंकी फुल है, टेन्शन मत लो,' म्हणाला. ती पुरवायचीय."

सुमीत त्यांचा एकुलता एक. नोकरीला लागला होता. त्या तापातून उठलाच नाही.

देशपांड्यांनी कप तोंडाला लावला. कप कधीच रिकामा झाला होता.

*

मग मी एकदा म्हटलं, "भावजी, पुरवायचीय तर चालू कशाला करता?"

"बंद ठेवली तर पेट्रोल खराब होतं म्हणतात."

"चालू केली तर जळतं."

"तेच तर, वहिनी."

त्यांची बायको मंगल त्या गाडीकडे बघायचीसुद्धा नाही. सकाळी खाली इंजिन सुरू झालं की वर खिडकी लागायची. हेही जाधवांनीच सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, हवापाणी सांगावं तसं.

*

यंदाच्या धुक्याच्या दिवसांत जाधव गाडी ढकलत दुकानात आले. चालू होईना. मी कार्ब्युरेटर उघडला. आत तपकिरी चिकटा, पेट्रोल सोडणारा जेट बुजलेला.

देशपांडे म्हणाले, "टाकी रिकामी करा, नवीन पेट्रोल घाला. हाय काय, नाय काय!"

"देशपांडे, चहा प्या!"

जाधव माझ्याकडेच बघत होते. "वहिनी, तुम्ही खोटं बोलत नाही. बाटली घातली तर टिकेल ना हे पेट्रोल?"

खोटं बोलायची तेवढी एक संधी होती. मला जमलं नाही.

"नाही टिकणार, भावजी. बाटलीनं काही महिने निघाले असते, तेही ताजं असताना घातली असती तर. आता शिळं झालंय. आणखी ठेवलंत तर टाकीत डिंक होईल, टाकी गंजेल, गाडीही जाईल. उरलंय ते जाळायचं असेल तर आजच जाळा."

त्यांनी टाकीवरून हात फिरवला. मग फोन लावला.

"मंगल, शाल घे आणि दुकानापाशी ये."

*

मंगल आली. मी जेट साफ करून गाडी चालू करून दिली. खूप धूर निघाला. ती शाल लपेटून मागं बसली. मी स्कूटर काढली आणि त्यांच्या मागं निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

कुठं जायचं नव्हतंच. एक चौक, त्याला वळसा, दुसरा चौक, त्यालाही वळसा. धुक्यात सगळे सेक्टर सारखेच दिसत होते. मंगलनं सुरुवातीला मागची दांडी धरली होती. नंतर बघते तर जाधवांचा स्वेटर धरलेला.

एका सिग्नलला गाडी दोन आचके देऊन बंद पडली. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला. तरणा ट्रॅफिक पोलीस पळत आला. त्यानंच गाडी ढकलून कडेला लावून दिली.

"अंकलजी, पेट्रोल खत्म? पंप सामने ही है. चलो, मैं धक्का लगाता हूँ."

जाधवांनी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. मंगल रस्त्यावरच उकिडवी बसली आणि तिनं दोन्ही हात इंजिनाशी नेले.

"अगं, पोळशील!" मी ओरडले.

तिनं हात काढले नाहीत. पोलिसाकडे वर बघत म्हणाली, "रुको बेटा. अभी गरम है."