शालनने जोडलेले दोन रेणू

अंबरनाथला बुवापाड्यात आमच्या भिंतीला भिंत लागून शालनचं घर. वडील शिवराम कारखान्यात फिटर. भंडाऱ्याकडून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. शालनला एका जागी बसणं कधी जमलं नाही. जेवता जेवता उठायची, बोलता बोलता भलत्याच विषयावर जायची. शहाऐंशी साली तिचा धाकटा भाऊ अनंता गेला, तेव्हापासून हे जास्त झालं, असं तिची आई भागीरथी सांगायची.

अनंताचे हातपाय लहानपणापासून ठणकायचे, डोळे पिवळे पडायचे. कोणी संधिवात म्हणे, कोणी कावीळ. त्या वर्षी थंडीत शिवराम त्याला बारवी धरणाकडे घेऊन गेले. पोरगा हट्टाने ओढ्यात उतरला, खूप वेळ डुंबला. संध्याकाळी अंग दुखायला लागलं, ताप चढला आणि दोन-चार दिवसांत सगळं संपलं. "मीच नेला त्याला पाण्यावर," एवढंच शिवराम बोलले. पुढे घरात कोणी धरणाचं नाव काढलं की ते उठून बाहेर जात.

शालन बी.एस्सी. झाली आणि बदलापूरला रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये लागली. सत्त्याण्णव साली धरणापलीकडच्या पाड्यावरून चंद्री नावाची बाई तिथे आली. हाडं ठणकतात म्हणत होती, डोळे पिवळे होते. लॅबच्या डॉक्टर कुंदाताईंनी तिच्या रक्ताच्या थेंबावर रसायन टाकलं आणि शालनला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. गोल पेशी हळूहळू विळ्यासारख्या वाकत होत्या. हा सिकलसेल, कुंदाताई म्हणाल्या. आईबाप दोघांकडून येतो, तुमच्या विदर्भातही पुष्कळ आहे. थंड पाण्यात गेलं तर काय होतं, शालनने विचारलं. त्रास उसळतो, पण दोष जन्मापासून रक्तातच असतो, असं उत्तर आलं.

त्याच दुपारी शालनने स्वतःचं बोट टोचलं. तिच्याही पेशी वाकल्या. कुंदाताईंनी पुढची तपासणी करून सांगितलं, तुझ्यात दोष एकाच बाजूने आलाय, तुला काही होणार नाही. लग्नाच्या वेळी मात्र मुलाचं रक्त तपासून घे. शालनने मान हलवली, पण तिच्या डोक्यात लग्न नव्हतं, बाबा होते. घरी जाऊन तिने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून बोलतेस तू."

सांगून पटत नाही तर दाखवायचं, असं तिने ठरवलं. कुंदाताईंचा भाऊ मुंबईत संशोधन करायचा. त्याने एक फ्लॉपी दिली. तिच्यात रेणू दाखवणारा प्रोग्रॅम होता आणि हिमोग्लोबिनची, म्हणजे रक्त लाल करणाऱ्या रेणूची, फाइल. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गोप सरांच्या कॉम्प्युटर क्लासला शालन जायची. त्यांनी रविवारी मशीन वापरू दिलं.

पडद्यावर रिबिनींचा गुंडाळा उघडला. माऊसने ओढलं की गोल फिरे. पण एक रेणू दाखवून काय उपयोग? या आजारात रेणू एकमेकांना चिकटतात, आणि प्रोग्रॅम तर एका वेळी एकच फाइल उघडायचा. ती फाइल म्हणजे साधा मजकूर होता: एका अणूची एक ओळ, आणि तो अणू कुठे आहे ते सांगणारे ओळीत तीन आकडे. शालनने तोच मजकूर खाली पुन्हा जोडला, नव्या नावाने सेव्ह केला, उघडला. रेणू एकच दिसला. गोप सर हसले. "दोनों को एक ही कुर्सी पे बिठाया ना तूने. एकाला सरकव."

हजारो ओळी हाताने बदलणं शक्य नव्हतं. तिने बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला, खालच्या रेणूच्या आकड्यात भर घालणारा. आकडे आपल्या रकान्यातून एक घर सरकले आणि पडद्यावर नुसतं जाळं आलं. ते सुधारलं तर दोन रेणू इतके लांब गेले, की मधे नुसता अंधार. मग एकमेकांत घुसले. रविवारमागून रविवार गेले. ती मधेच उठून बाहेर पडे, जीन्सच्या दुकानांवरून फेरी मारी, परत येई. घरी ताटातल्या आमटीत बोटाने आकडे काढी. काय झालंय तुला, असं भागीरथी विचारायची. शालन ताट उचलून उठे.

अखेर कडेला कडा टेकली. दोष असतो ती जागा तिने लाल केली आणि फाइल फ्लॉपीवर सेव्ह केली. पुन्हा उघडली तर रेणू जागच्या जागी, लाल रंग गायब. ती फाइल फक्त जागा लक्षात ठेवत होती. रंगाच्या सूचना वेगळ्या फाइलीत सेव्ह कराव्या लागल्या. कुंदाताईंनी बघितलं. खरे रेणू अगदी असेच चिकटत नाहीत, म्हणाल्या, पण समजावायला चालेल.

पुढच्या रविवारी ती आईबाबांना घेऊन क्लासला गेली. शिवरामांनी खुर्ची पुढे ओढली, दोन पार्ट कुठे अडकतात ते विचारलं. शालनने बोट ठेवलं.

"असा एकाला एक लागत जातो, बाबा. दोर तयार होतो, पेशी वाकते, बारीक नसेत अडकते. म्हणून त्याचं अंग दुखायचं. जन्मापासून."

"आणि पाणी?"

"पाण्याने त्या दिवशी त्रास वाढला असेल, ते मी नाकारत नाही. पण आपल्याला कोणाला माहीत होतं?"

शिवराम पडद्याकडे बघता बघता रडू लागले. गोप सर उठून बाहेर गेले. भागीरथी मागे उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे ते माझ्यातूनपण आलं."

शालनला हे सुचलंच नव्हतं. इतके रविवार ती फक्त बाबांसाठी धावली होती. दोघांकडून आलं आई, आणि दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं, असं ती म्हणाली. पुढे कित्येक दिवस भागीरथी घासलेली भांडी पुन्हा घासत होती. शिवराम आता तिच्याजवळ बसून राहायचे.

मग एकदा ती आपणहून लॅबमध्ये आली, तपासायला रक्त दिलं आणि चंद्री कुठे राहते ते विचारलं. मायलेकी पाड्यावर गेल्या. चंद्रीचा भाऊ देऊ लग्नाचा होता. भागीरथी त्याच्या ओटीवर बसली, अनंताचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तुझं न् तू करशील त्या पोरीचं रक्त बघून घे, बाबा. मला कोणी सांगितलं नाही, मी तुला सांगते."

देऊने त्या दिवशी हात पुढे केला नाही. सुई नको म्हणाला आणि शेतात निघून गेला. पुढच्या आठवड्यात दोघी पुन्हा त्याच्या ओटीवर गेल्या.