आधीचे चार सेकंद

काल आमच्या पेठेनं फुटबॉलचा कप जिंकला आणि आज सकाळी चहाच्या गाड्यावर रेफ्रीचा निवाडा सुरू झाला. शेवटच्या गोलाआधी फाऊल होता की नव्हता, याला पुरावा म्हणून मी काढलेला व्हिडिओ हातोहात फिरत होता. त्यात चेंडू आमच्या फॉरवर्डच्या पायात आहे, त्यांचा बचाव करणारा बॅक मागे जमिनीवर पडलाय आणि गोल होतो.

"कुठं हाय फाऊल? रेफ्री बरोबरच हाय," आमची माणसं म्हणत होती.

हरलेल्या पेठेतले टेलरमामा चष्मा वर करून पुन्हापुन्हा बघत होते. पडलेला बॅक त्यांचाच मुलगा. त्यांनी मला हळूच विचारलं, "पोरगं म्हणतंय, त्याला पाडलं. ह्याच्या जरा आधीचं हाय काय रे?"

"न्हाई मामा. तिथनंच घेतलाय."

आधीचे चार सेकंद ग्रुपवर टाकताना मीच कापले होते. त्यात आमच्या पोरानं त्यांच्या मुलाची जर्सी धरून ओढलेलं स्वच्छ दिसतं. रेफ्रीच्या नजरेसमोर दुसरा खेळाडू आला होता, त्यामुळे रेफ्रीला ते दिसलं नसावं. मला दिसलं होतं.

भावाशी झालेलं भांडणही मी लोकांना असंच सांगतो. त्यानं हात उगारला, तिथून सुरू करतो. त्याआधी मी त्याच्या बायकोबद्दल काय बोललो, ते कुणी विचारत नाही.

मामांनी तर विचारलं होतं.

त्यांनी मोबाईल परत दिला. "मग आमचं पोरगंच खोटं बोलतंय म्हणायचं," असं म्हणून ते घराकडे निघाले. मी चहा पीत राहिलो.